वाचकांचे प्रश्न : स्पार्क प्लग कोणता घ्यावा, कसा बदलावा

या वेळी प्लगवरची पत्रं इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलावे लागले. गाडीचं मॉडेल न लिहिता ‘चांगला प्लग कोणता?’ एवढंच विचारणाऱ्या सर्वांना एकच उत्तर: तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये छापलेल्या नंबरचा. बाकीच्यांना सविस्तर.

माझी १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक ४२,००० किलोमीटर चालली आहे. कंपनीने साधे निकेलचे प्लग दिले होते. आता दुकानदार म्हणतो, इरिडियम घाला, पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही वाढेल. किंमत मात्र चौपट. घालू का? (चिंचवड)

ॲव्हरेजच्या आशेने घालू नका. झिजलेले प्लग काढून नवे घातले की गाडी हलकी वाटते, आणि लोक त्याचं श्रेय इरिडियमला देतात. चार नवे साधे प्लग घातले असते तरी तोच फरक जाणवला असता.

इरिडियमच्या प्लगमध्ये तुम्ही पैसे मोजता ते आयुष्यासाठी. साध्या प्लगचा मधला इलेक्ट्रोड निकेलच्या मिश्रधातूचा, साधारण २.५ मि.मी. जाडीचा असतो. इरिडियमचं टोक ०.४ ते ०.६ मि.मी. असतं. टोक जितकं बारीक, तितक्या कमी व्होल्टला ठिणगी पडते. पण एवढं बारीक टोक निकेलचं केलं तर लवकर झिजून जाईल. निकेल १४५५ अंश सेल्सिअसला वितळतं, इरिडियम २४४६ ला. म्हणून बारीक टोक इरिडियमचंच परवडतं. साधा प्लग ३० ते ४० हजार किलोमीटर नीट चालतो. दोन्ही इलेक्ट्रोडवर मौल्यवान धातू असलेला प्लग लाखाच्या आसपास जातो.

‘दोन्ही’ या शब्दाकडे लक्ष द्या. बाजारात असेही इरिडियम प्लग आहेत, ज्यांचं फक्त मधलं टोक इरिडियमचं असतं आणि वरचा वाकलेला अर्थ इलेक्ट्रोड साधा निकेलचा. डेन्सोचाच ‘इरिडियम पॉवर’ या प्रकारातला, तर ‘इरिडियम टफ’मध्ये अर्थच्या बाजूलाही प्लॅटिनम असतं. पहिल्याला लाखभर किलोमीटरची अपेक्षा ठेवली तर निराशा होईल. एका कॉइलवर (प्लगला उच्च दाबाची वीज देणारा भाग) दोन सिलिंडर चालणाऱ्या इंजिनात तर हा फरक फार महत्त्वाचा. तिथे दोनपैकी एका प्लगमध्ये ठिणगी उलट्या दिशेने उडते आणि अर्थ इलेक्ट्रोड जास्त झिजतो.

तुमच्या इंजिनात प्लग वरूनच हाताशी येतात, मजुरी किरकोळ आहे. वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर होत असतील तर साधे प्लग घाला आणि चार वर्षांनी पुन्हा बदला. इनटेक मॅनिफोल्ड उतरवल्याशिवाय प्लग दिसतही नाहीत अशा इंजिनात मात्र इरिडियम स्वस्त पडतं. आणि गाडी कारखान्यातूनच इरिडियम घेऊन आली असेल, विशेषतः टर्बो असेल, तर साध्यावर येऊ नका.

जुन्या गाडीत बीपीआर६ईएस नंबरचे एनजीके प्लग होते. ते मिळाले नाहीत म्हणून मेकॅनिकने बॉशचे डब्ल्यूआर७डीसी बसवले. सहाच्या जागी सात म्हणजे चुकीचा, जास्त थंड प्लग झाला ना? (सांगली)

नाही, मेकॅनिक बरोबर आहे. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो, म्हणजे उष्णता लवकर सोडतो, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. एनजीकेचा ६ म्हणजे बॉशचा ७ आणि डेन्सोचा २०. तुमच्या प्लगला डेन्सोत डब्ल्यू२०ईपीआर-यू म्हणतात. आकड्याला आकडा जुळवून प्लग घेणारे इथेच फसतात. पूर्वी मायकोचे प्लग घालणाऱ्यांना ही उलटी मोजणी तोंडपाठ असे, कारण मायको म्हणजे बॉशचीच भारतातली कंपनी. २००८ मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं.

नंबर एकदा फोडून पाहा म्हणजे पुढच्या वेळी दुकानात कोणी गंडवणार नाही. ‘बी’ म्हणजे १४ मि.मी.चे आटे आणि २०.८ मि.मी.चा पाना. ‘पी’ म्हणजे चिनीमातीचं नाक आट्यांच्या पुढे आलेलं. ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर. ६ ही हीट रेंज. ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी १९ मि.मी. शेवटी उणे चिन्हापुढे ११ असेल तर गॅप, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर, १.१ मि.मी., ९ असेल तर ०.९. ‘बी’नंतर ‘के’ आला, जसा बीकेआर६ई-११ मध्ये, तर आटे तेच पण पाना १६ मि.मी.चा.

यातलं काय चुकलं तर काय होतं? आट्यांची लांबी जास्त झाली तर प्लग पिस्टनवर आपटू शकतो, निदान पुढे आलेल्या आट्यांवर कार्बन बसून तो काढताना हेडचे आटे सोलून येतो. लांबी कमी झाली तर ठिणगी खोबणीत पडते आणि हेडचे उघडे आटे कार्बनने भरतात. रेझिस्टर, साधारण पाच किलोओहमचा, नसला तर जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत फक्त रेडिओ खरखरतो. ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) असलेल्या गाडीत सेन्सरच्या सिग्नलमध्ये गोंधळ होऊ शकतो.

हीट रेंजचा ठिणगीच्या जोराशी संबंध नाही. चिनीमातीच्या नाकातून उष्णता हेडमध्ये किती लवकर उतरते, एवढंच तो आकडा सांगतो. नाकाचं तापमान साधारण ४५० अंशांच्या वर असलं तर काजळी आपोआप जळते. ८५० अंशांच्या आसपास गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटू लागतं आणि पिस्टनला भोक पडेपर्यंत मजल जाते. थंड प्लग घातल्याने इंजिन थंड राहत नाही. गावात दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत तो काळा पडून मिसिंग मात्र सुरू होतं.

गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलं आहे. पेट्रोलवर गाडी मख्खन चालते, सीएनजीवर चढाला झटके देते. किटवाला म्हणतो ट्यूनिंग करू, पण तीनदा करूनही तेच. (ठाणे)

आधी प्लग काढून गॅप मोजा. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. मिथेन आणि हवेच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात. चढाला ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ती गरज आणखी चढते. थकलेला प्लग पेट्रोलवर कसाबसा निभावून नेतो आणि सीएनजीवर उघडा पडतो. म्हणून ‘पेट्रोलवर ठीक, गॅसवर झटके, तेही लोडला’ ही तक्रार दहापैकी बहुतेक वेळा इग्निशनची असते.

तुमच्या इंजिनाचा मूळ गॅप १.० किंवा १.१ मि.मी. असेल तर किट बसवलेल्या गाडीत ०.७ ते ०.८ ठेवून पाहा. झिजलेल्या प्लगचा गॅप ठोकून कमी करू नका. कडा गोल झालेल्या इलेक्ट्रोडवर ठिणगी कठीणच पडते. नवे प्लग घ्या आणि त्यांचा गॅप कमी करा. कारखान्यातून सीएनजी लावून आलेल्या गाडीला हा नियम लावू नका, त्यांच्या मॅन्युअलमध्ये प्लगचा नंबर आणि गॅप आधीच त्या हिशेबाने दिलेला असतो.

प्लगनंतर रबरी बूट (कॉइलची प्लगवर बसणारी टोपी) आणि कॉइल. बुटाला आतून पांढरी किंवा काळी रेघ दिसली तर वीज तिथून बाजूला पळते आहे, बूट बदला. कॉइल संशयित असेल तर तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावा. स्कॅनरवर पी०३०३ (तिसऱ्या सिलिंडरच्या मिसिंगचा कोड) होता आणि आता पी०३०१ आला, तर कॉइल गेली. कोड जागचा हलला नाही तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन बघा. हे सगळं झाल्यावरच ट्यूनिंग. सीएनजीवर साधे प्लग २० हजारांना काढून पाहावेत, ४० हजारांची वाट पाहू नये.

प्लग घरी बदलायचे आहेत. लागणारी हत्यारं आणि क्रम सांगा. (रत्नागिरी)

कॉइल थेट प्लगवर बसणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनासाठी सांगतो. हत्यारं: रॅचेट, १५ ते २५ सेंमी एक्स्टेन्शन, आत रबर किंवा चुंबक असलेलं प्लग सॉकेट (१६ मि.मी., काही नव्या इंजिनांना १४ मि.मी.), कॉइलच्या बोल्टसाठी १० चा पाना, तारेचा गॅप गेज, हवेचा पंप आणि टॉर्क पाना.

इंजिन पूर्ण गार हवं. रात्री उभी केलेली गाडी सकाळी हातात घ्या. गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग ओढला की आटे ओरबाडून येतात. चावी काढा. प्लास्टिकचं कव्हर उतरवा, कॉइलच्या कनेक्टरची लॉकपट्टी दाबून कनेक्टर काढा. ही पट्टी उष्णतेने ठिसूळ झालेली असते, स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलीत तर मोडेल. बोल्ट काढून कॉइल थोडी डावी-उजवी फिरवा आणि सरळ वर ओढा. कॉइल आणि प्लग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवा, कारण कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा हे नंतर कामाला येतं.

आता प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल भोकात, हवा मारा. हे टाळणाऱ्यांच्या सिलिंडरमध्ये वाळू पडते. कोकणात तर पावसाळ्यानंतर विहिरीत मातीचा थरच सापडतो. प्लग पाव आटा सैल करून पुन्हा एकदा हवा मारा, मग पूर्ण काढा. रॅचेट सरळ धरा. तिरका जोर लागला की चिनीमाती तडकते, तडा बाहेरून दिसत नाही आणि गाडी पावसाळी हवेत मिसिंग करू लागते.

प्लग अडकला असेल तर जोर वाढवू नका. किंचित सैल, मग पुन्हा घट्ट, थोडं गंजतेल सोडून अर्धा तास थांबा, पुन्हा सैल, असं पुढे-मागे करत काढा. फिरवताना कर्रकर्र असा कोरडा आवाज येत राहिला तर तिथेच थांबा आणि गाडी वर्कशॉपला दाखवा. आटे गेले तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवावी लागते आणि ते काम अंगणात होत नाही.

नव्या प्लगचा गॅप मोजा, खोक्यावर छापलाय म्हणून सोडून देऊ नका. वाहतुकीत प्लग पडलेले असतात. नाण्यासारखा उतरता गेज इरिडियमवर चालवू नका, त्याची कड टोकाला घासून टोक तुटतं. गॅप बदलायचाच असेल तर फक्त अर्थ इलेक्ट्रोड हलकेच वाकवा, मधल्या टोकाला हात लावू नका. सिमेंटच्या फरशीवर पडलेला प्लग वापरू नका.

बसवताना रॅचेट बाजूला ठेवा. एक्स्टेन्शन बोटांत धरून, किंवा प्लगच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा अडकवून, हाताने फिरवा. आधी उलटं फिरवलं की आट्यांची सुरुवात जुळल्याचा हलका ‘टक्’ जाणवतो, मग सुलट. नळीचा फायदा असा की आटा तिरका बसला तर नळीच घसरते, आट्यांवर जोर जात नाही. हातानेच तळापर्यंत गेला पाहिजे.

मग टॉर्क. वायसर असलेल्या प्लगला ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये १४ मि.मी. आट्यांना २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मि.मी.ला १५ ते २०, १० मि.मी.ला १० ते १२. मॅन्युअलमधला आकडा वेगळा असेल तर तोच धरा. टॉर्क पाना नसेल तर हाताने टेकल्यावर १४ मि.मी.चा नवा प्लग अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, जुनाच परत बसवत असाल तर फेऱ्याचा फक्त बारावा भाग, कारण त्याचा वायसर आधीच दबलेला असतो. वायसर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला सोळावा भाग पुरे. सैल राहिलेला प्लग जास्त वाईट: उष्णता हेडमध्ये उतरत नाही, नाक लाल होतं आणि टोक वितळतं.

आट्यांना ग्रीस किंवा तांब्याची पेस्ट लावायची जुनी सवय सोडा. आजच्या प्लगच्या आट्यांवर निकेल किंवा झिंकचा मुलामा असतोच. आटे निसरडे झाले की पाना तेवढाच आकडा दाखवतो, पण प्लग प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त आवळला जातो. बुटाच्या आत तोंडाशी सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस मात्र बोटाच्या टोकाएवढं लावा, पुढच्या वेळी बूट चिकटणार नाही.

प्लग काढले. तीन फिकट तपकिरी, चौथा तेलाने ओला. शिवाय चारही प्लगच्या पांढऱ्या भागावर, धातूच्या वर, तपकिरी कडं आहे. कॉम्प्रेशन लीक आहे का? (नाशिक)

ते कडं बघून घाबरू नका. उच्च दाबाच्या विजेमुळे हवेतले तेलाचे कण तिथे ओढले जातात आणि डाग पडतो. त्याला कोरोना डिस्चार्जचा डाग म्हणतात. काम बिघडत नाही.

चौथ्या प्लगचं तेल नेमकं कुठे आहे ते पाहा. पाना लागतो त्या भागावर आणि वर असेल तर टॅपेट कव्हरच्या आतलं प्लग-ट्यूबचं सील गेलं आहे. गॅसकिट आणि सील बदलायचं साधं काम, पण लांबवलं तर बूट तेलाने फुगून कॉइल जाते. तेल आट्यांच्या खाली, इलेक्ट्रोडवर असेल तर ते सिलिंडरमधून येतंय: व्हॉल्व्ह सील किंवा रिंगा. त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. कमी आलं तर चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंगा, तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह. मोजताना इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढून ठेवा.

बाकीचे रंगही सांगून ठेवतो. फिकट तपकिरी किंवा राखाडी, कोरडा: सगळं ठीक. मखमलीसारखी कोरडी काजळी: मिश्रण जाड, एअर फिल्टर चोंदलेला, किंवा गाडी कायम छोट्या फेऱ्या मारते. पांढराफटक, वर फोड: जास्त तापला, मिश्रण पातळ, प्लग सैल किंवा चुकीच्या हीट रेंजचा. विटकरी लाल थर दिसला तर पेट्रोलमध्ये ऑक्टेन वाढवणाऱ्या बाटल्या ओतता का, हे आधी आठवा. त्यांतल्या काहींत लोहाची किंवा मँगनीजची संयुगं असतात. लोहाचा थर तापला की त्यातून वीज वाहते आणि ठिणगी चुकते. ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून या बाटल्यांचा खप वाढलेला दिसतो, पण इथेनॉलचा ऑक्टेन मुळातच जास्त आहे. ई-२० साठी प्लगचा नंबरही बदलायची गरज नाही.

काचकागदाने प्लग घासून परत घालू नका. निकेलच्या प्लगवर ओरखडे पडतात आणि कण नाकाच्या खोबणीत अडकतात. इरिडियमचं तर टोकच जातं.

२००५ ची होंडा सिटी आहे. चार सिलिंडरला मेकॅनिक आठ प्लगचं बिल लावतो. फसवणूक? (कोल्हापूर)

त्या पिढीच्या सिटीतल्या आय-डीएसआय इंजिनाला दर सिलिंडरला दोन प्लग आहेत, तुमचं इंजिन तेच असेल तर आठच. फसवणूक झालीच तर उलटी होते: पुढची रांग हाताशी आहे म्हणून चार बदलतात आणि फायरवॉलकडची अडचणीची रांग तशीच सोडून बिल आठचं करतात. जुने आठ प्लग परत मागा आणि मोजा.

माझ्या डिझेल गाडीचे प्लग किती किलोमीटरला बदलू? (नागपूर)

डिझेलला स्पार्क प्लग नसतो. असतो तो ग्लो प्लग, गार इंजिन सुरू व्हायला मदत करणारा हीटर. तो किलोमीटरवर बदलत नाहीत. सकाळी स्टार्टिंगला त्रास आणि पांढरा धूर दिसला की मल्टीमीटरने तपासतात आणि गेला असेल तोच बदलतात.

बाजारात डुप्लिकेट प्लग फार आहेत म्हणतात. ओळखायचे कसे? (म्हापसा)

खोक्याच्या छपाईवर विसंबू नका, ती हुबेहूब करतात. वायसर बोटाने फिरवून पाहा. अस्सल प्लगचा वायसर आट्यांवरून सहज निसटून येत नाही, नकलीचा बरेचदा सरळ हातात येतो. अर्थ इलेक्ट्रोड मधल्या टोकाच्या बरोब्बर वर, सरळ आहे का ते समोरून पाहा. आट्यांवर खरखर, कडांना कूस नको. शेवटी मल्टीमीटर: वरचं टर्मिनल ते मधलं टोक, यात ‘आर’ असलेल्या प्लगला काही किलोओहम दिसले पाहिजेत. जवळजवळ शून्य आलं तर आत रेझिस्टरच नाही. इरिडियमचे प्लग साध्याच्या भावात कोणी देत असेल तर एवढीही तपासणी नको, परत करा.

नवे प्लग घातले, आठवड्याने इंजिन प्रेशरच्या पाण्याने धुऊन घेतलं. तेव्हापासून गाडी थरथरते आणि इंजिनचा दिवा मिचमिचतो. गाडी गॅरेजपर्यंत पस्तीस किलोमीटर चालवत नेऊ का? (चिपळूण)

नेऊ नका. दिवा स्थिर जळत असेल तर सावकाश नेता येते. मिचमिचणारा दिवा म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातंय आणि तिथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) पेटतंय. पस्तीस किलोमीटरमध्ये कन्व्हर्टर वितळून बसू शकतो, आणि त्याच्या किमतीत प्लगचे कित्येक संच येतील.

पाणी प्लगच्या विहिरीत साचलं असणार. इंजिन बंद करून गार होऊ द्या, कॉइल एकेक करून उचला आणि बुटाचं टोक पाहा. ओलं निघेल त्या विहिरीत हवा मारा किंवा काठीला सुती कापड गुंडाळून पाणी टिपून घ्या. प्लग तसाच बसलेला असू द्या, नाहीतर पाणी सिलिंडरमध्ये उतरेल. बूट आतून पुसून उन्हात वाळवा. चिनीमातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी उभी काळी रेघ पडली असेल तर वीज तिथून खाली उतरत होती. ती रेघ पुसून टाकली तरी वीज पुन्हा तोच मार्ग धरते, म्हणून तो एक प्लग आणि त्याचा बूट दोन्ही बदला, बाकीचे तीन राहू द्या.